पवनचक्कीच्या जाहिराती, दोन्ही बाजूंच्या... खरं काय ते कसं ओळखायचं?

सायली_प

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या भागात पवनचक्क्या येणार आहेत, २० टर्बाइन, प्रत्येकी ३ मेगावॅटची. गेले दोन महिने दारात रोज काहीतरी कागद येऊन पडतोय. कंपनीचा कागद म्हणतो "५०,००० घरांना पुरेल इतकी वीज", "शून्य प्रदूषण". विरोध करणाऱ्या समितीचा कागद म्हणतो "टर्बाइन फक्त ३० टक्के वेळ चालतं", "बनवायला जितकी ऊर्जा लागते तितकीही आयुष्यभरात परत मिळत नाही", आणि पहिल्याच पानावर पेटलेल्या पवनचक्कीचा मोठ्ठा फोटो, बघूनच धस्स होतं. घरात भाऊ एका बाजूला आणि काकू दुसऱ्या, दोघंही आपापला कागद दाखवून भांडतात आणि मी मध्ये.

मी प्रकल्पाच्या बाजूची नाही आणि विरोधातलीही नाही. पण सुनावणीत मत द्यायचंय आणि ते कोणाच्या तरी जाहिरातीवरून द्यायचं नाहीये. तर यातलं खरं किती, खोटं किती, आणि अशा जाहिरातींबद्दल तक्रार करता येते का? जाणकारांनी प्लीज सांगा.

गोविंद_टर्बाइनवाला

मी बारा वर्षं टर्बाइनच्या देखभालीचं काम करतोय त्यामुळे आधी त्या ३० टक्क्यांबद्दल बोलतो, कारण ते ऐकलं की मला राहवत नाही. "३० टक्के वेळ चालतं" हे चूक आहे. ३० टक्के हा कपॅसिटी फॅक्टर असतो, म्हणजे वर्षभर चोवीस तास पूर्ण क्षमतेने चाललं असतं तर जेवढी वीज झाली असती त्याच्या किती टक्के खरोखर झाली. वेळेचा त्यात संबंध नाही. वारा सेकंदाला ३-४ मीटर झाला की मशीन वीज द्यायला लागतं, पूर्ण क्षमता साधारण १२ ते १५ ला मिळते, २५ च्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला बंद होतं. मधल्या वाऱ्यात ते फिरतच असतं पण कमी वीज देतं, कारण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात बदलते, वेग अर्धा झाला की ऊर्जा एक अष्टमांश. त्यामुळे चांगल्या जागेवरचं मशीन वर्षातला बराचसा वेळ फिरत असतं आणि तरीही सरासरी ३० टक्केच येते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

आता कंपनीच्या ५०,००० घरांचं बघू. २० गुणिले ३ म्हणजे ६० मेगावॅट. वर्षाचे ८,७६० तास. गुणाकार केला की ५२ कोटी ५६ लाख युनिट, पण ही झाली कागदावरची कमाल. ३० टक्के धरले तर १५ कोटी ७७ लाखाच्या आसपास. त्याला ५०,००० ने भागा, घरामागे वर्षाला साधारण ३,१५० युनिट, महिन्याला २६० च्या आसपास. म्हणजे आकडा हवेतून काढलेला नाही, पण "घर" म्हणजे किती युनिटचं घर आणि कपॅसिटी फॅक्टर किती धरला हे कागदावर नाहीये ना, तिथेच गोम आहे. महिन्याला ५०० युनिट वापरणारी घरं धरली तर तीच वीज २६,००० घरांना पुरते. आणि हा वर्षाचा हिशोब आहे, वारा पडलेल्या संध्याकाळी त्या ५०,००० घरांत याच टर्बाइनमधून दिवे लागतील असा त्याचा अर्थ नाही, तेव्हा ग्रिडमधली दुसरी वीज लागते. वाचणाऱ्याला मात्र नेमकं तेच वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच ते वाक्य तसं लिहिलेलं असतं, हे मी या क्षेत्रात राहून सांगतोय.

रेवा_वाचते

गोविंद यांना +१. त्या "ऊर्जा परत मिळत नाही" वाक्याचा उगम मी एकदा शोधला होता, तो सांगते कारण कापाकापी कशी चालते ते त्यातून दिसतं. २००९ च्या एका पुस्तकात डेव्हिड ह्यूज नावाच्या भूवैज्ञानिकाचा लेख होता. त्यात टर्बाइनला किती पोलाद, किती कोळसा लागतो ते देऊन पुढे म्हटलंय की चांगल्या वाऱ्याच्या जागी गुंतवलेली ऊर्जा तीन वर्षांत किंवा त्याहून लवकर वसूल होऊ शकते, वाईट जागी कदाचित कधीच नाही. लोकांनी चांगल्या जागेचं वाक्य काढून टाकलं, उरलेल्याचा फोटो केला, आणि खाली नाव टाकलं पुस्तकाच्या संपादकाचं, म्हणजे ज्याने तो लेख लिहिलाच नव्हता त्याचं! अजून फिरतोय तो फोटो. आजच्या मशीनचे हिशोब बघितले तर बहुतेक ठिकाणी वसुली वर्षभराच्या आसपास होते आणि मशीनचं आयुष्य २० ते २५ वर्षं धरतात.

आणि जळती पवनचक्की. आग लागू शकते, लागलेली आहे, डिसेंबर २०११ च्या वादळात स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला लागली होती आणि तिचे फोटो जगभर गेले. प्रश्न एवढाच की तुमच्या कागदावरचा फोटो कुठला, कधीचा, आणि किती मशीनमागे एक. फेब्रुवारी २०२१ ला टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली तेव्हा हेलिकॉप्टरने टर्बाइनवरचा बर्फ काढतानाचा फोटो लाखो लोकांनी पुढे ढकलला, तो निघाला स्वीडनचा आणि कित्येक वर्षं जुना. त्या वेळी टर्बाइनही गोठली होती हे खरंय, पण सगळ्यात जास्त वीज गेली ती गॅसवरच्या केंद्रांची, आणि त्याचा फोटो कोणी फिरवला नाही.

माळावरचा

सगळं वाचलं. माझं घर टर्बाइनपासून ७०० मीटरवर आहे म्हणून लिहितोय.

आमच्याकडे कंपनीने "फ्रिजइतका आवाज" असं छापलं होतं. फ्रिज स्वयंपाकघरात असतो हो, आणि तो रात्री दोनला तुमच्या उशाशी हूश हूश करत नाही. दिवसा मला काहीच त्रास नाही, रात्री आहे. याचं कारण मला नंतर कळलं, रात्री जमिनीलगत हवा शांत असते, पानही हलत नाही, पण शंभर मीटर वर वारा चांगला असतो, म्हणजे मशीन जोरात आणि आजूबाजूला त्याला झाकणारा दुसरा आवाज नाही. हे आम्हाला कोणीही आधी सांगितलं नाही. तक्रार केली की "इन्फ्रासाउंडच्या अफवांवर विश्वास ठेवू नका" असं उत्तर. मी इन्फ्रासाउंडचं, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजाचं, नावसुद्धा काढलं नव्हतं!

म्हणून सांगतो, खोटा दावा खोडून काढताना खरी तक्रार पण त्याच्याबरोबर पुरली जाते.

रेवा_वाचते

@माळावरचा, तुमचं म्हणणं अगदी पटलं आणि वाईटही वाटलं. या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवायला हव्यात. ऐकू न येणाऱ्या आवाजाने आजार होतात याला पुरावा मिळत नाही. ऑकलंड विद्यापीठाच्या प्रयोगात लोकांना आधी भीतीदायक व्हिडिओ दाखवले, मग खरा इन्फ्रासाउंड दिला किंवा नुसतं दिल्यासारखं केलं, तर दोन्ही वेळा त्रास जाणवला. म्हणजे भीती छापणाऱ्या जाहिरातीच काही लोकांना खरोखर त्रास देतात, आणि मला हे सगळ्यात गंभीर वाटतं. पण ऐकू येणारा आवाज वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये पवनचक्कीच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी ४५ डेसिबलच्या खाली राहावं अशी शिफारस केली आहे. सशर्त आहे, पण आहे. तेव्हा तुमचा त्रास म्हणजे अफवा नव्हे.

नियम_पाहू

तक्रारीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था बऱ्याच देशांत असते आणि सामान्य माणूस तिथे तक्रार करू शकतो, वकील लागत नाही. जाहिरातीचा कागद किंवा फोटो, तारीख, कुठे मिळाला, आणि नेमकं कुठलं वाक्य खटकतंय एवढं द्यायचं. सिद्ध करायची जबाबदारी साधारणपणे जाहिरात करणाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही.

ब्रिटनमध्ये दोन्ही बाजू यात सापडल्यात. तिथली पवनऊर्जा कंपन्यांची संघटना प्रत्येक युनिटमागे ८६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो असं सांगायची, म्हणजे पवनचक्कीची वीज दर वेळी कोळशाचीच जागा घेते असं धरून. पण ग्रिडमध्ये गॅसवरची वीजही असते. २००८ मध्ये जाहिरात नियामकाशी बोलणी झाल्यावर आकडा ४३० वर आणला, सरळ अर्धा! आणि २०१२ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या स्कॉटलंडमधल्या गोल्फ कंपनीची पवनचक्कीविरोधी जाहिरात त्याच नियामकाने दिशाभूल करणारी ठरवली. त्यात गंजलेल्या टर्बाइनचा फोटो होता, तो अमेरिकेतला.

"शून्य प्रदूषण" पण असंच. चालताना धूर नाही हे खरं, पण बनवणं, वाहतूक, पाया, उतरवणं सगळं धरलं तर आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१४ च्या अहवालात जमिनीवरच्या पवनऊर्जेला युनिटमागे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दिलाय, कोळशाला ८२०. अहो, ११ आणि ८२० असं छापलं असतं तर जाहिरात उलट जास्त जोरदार झाली असती, शून्य लिहायची गरजच काय होती हे मला कळत नाही.

एक अडचण मात्र आहे. निकाल यायला महिने जातात, तोवर सुनावणी होऊन गेलेली असते. शिवाय निवडणुकीचा प्रचार किंवा व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड बहुतेक वेळा त्यांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून तक्रार कराच, पण तिच्या भरवशावर राहू नका, सुनावणीतच लेखी प्रश्न द्या म्हणजे उत्तर रेकॉर्डवर येतं.

सायली_प

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल भाऊ आणि काकू दोघांना बसवून गोविंद यांचा हिशोब कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. काकू म्हणाली बरं, ३० टक्क्यांचं सोडते, पण आवाजाचं सोडणार नाही. भाऊ पण त्यावर काही बोलला नाही.

कंपनीला लेखी विचारणार आहे: कपॅसिटी फॅक्टर किती धरला, एक घर म्हणजे किती युनिट, रात्रीचा आवाज प्रत्येक घरापाशी किती. समितीला फोटोबद्दल विचारलं तर म्हणाले तो "प्रतीकात्मक" आहे, म्हणजे कुठला ते त्यांनाही माहीत नाही. ठिकाण आणि वर्ष छापा नाहीतर काढा असं त्यांनाही लेखी देतेय.

माळावरचा

आवाजाचा नकाशा मागाल तेव्हा तो काढताना वाऱ्याचा वेग किती धरला आणि तो जमिनीपाशी मोजलेला की वर मशीनच्या उंचीवर, हे नक्की विचारा. आम्ही नुसता नकाशा घेतला आणि सही केली.

सायली_प

हो दादा, लिहून घेतलं. हाच पहिला प्रश्न ठेवते.