हॅलोवीन पार्टी: ३ ते १६ वर्षांची मुलं एकत्र, गेम्स काय ठेवू?

चिंगीची_आई:
मंडळी, जरा मदत करा. ३१ ऑक्टोबरला आमच्याकडे हॅलोवीन पार्टी आहे, एकूण १४ मुलं. त्यातली चार ३-४ वर्षांची, सहा जण ७ ते १० मधले, आणि उरलेले चार १३ ते १६ चे, म्हणजे माझा मोठा आणि त्याचे मित्र. गेल्या वर्षी मी सगळ्यांना एकच गेम ठेवला होता, अंधाऱ्या खोलीत खोके ठेवून त्यात हात घालून आत काय आहे ते ओळखायचं. मधल्या वयाच्या मुलांना जाम आवडलं, पण धाकटी इतकी घाबरली की अर्धा तास माझा दुपट्टा घट्ट धरून बसली होती, आणि मोठे कोपऱ्यात मोबाइल घेऊन. यंदा सगळ्यांना मजा यावी असं मनापासून वाटतंय. दोन तास आहेत हातात. काय काय ठेवू?

पानगळ:
ताई, मी रोज ३-४ वर्षांच्या मुलांमध्येच असते म्हणून त्यांच्यापुरतं सांगते. या वयात खरं काय आणि खोटं काय हे नीट वेगळं करता येत नाही, मास्क घातला की समोरचा काका त्यांच्यासाठी खरंच दुसरा कोणीतरी होतो. म्हणून त्यांच्या गेममध्ये अंधार नको, मास्क नको आणि दचकवणं तर नकोच नको. तुमचा खोक्याचा गेम टाकून देऊ नका, फक्त झाकण काढा. वाडगं समोर उघडं ठेवायचं, आधी दाखवायचं की ही उकडलेली गार स्पगेटी आहे, मग म्हणायचं चला आता हे राक्षसाचे केस, हात घाला. स्वतः बघितलेलं असलं की तीच मुलं कोपरापर्यंत हात घालतात आणि वर आईला ओढून आणतात, ये तू पण हात लाव म्हणून. मोठ्यांसाठी सोललेली द्राक्षं डोळे म्हणून वापरतात ती मात्र इथे ठेवू नका, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं, कडक गोळ्या आणि पॉपकॉर्नचंही तेच.

दुसरं म्हणजे भुतांचं बोलिंग. पांढऱ्या टॉयलेट रोलवर काळ्या कागदाचे डोळे चिकटवा, सहा रोल एकावर एक रचा आणि छोटा भोपळा गडगडत सोडायला द्या. भोपळा सरळ जातच नाही, टुणुक टुणुक भलतीकडेच जातो, आणि त्यातच त्यांना सगळा आनंद. स्टॅच्यूही चालतं, गाणं थांबलं की भूत गोठलं, फक्त कोणाला आउट करू नका. या वयात आउट झालेलं मूल म्हणजे रडारड ठरलेली.

रोल_नंबर_३१:
७ ते १० वाल्यांना बिनधास्त ममीचा खेळ द्या. जोड्या करायच्या, एक उभा राहणार, दुसरा त्याला टॉयलेट पेपर गुंडाळणार, तीन मिनिटं. दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. पातळ एकपदरी पेपर घेऊ नका, दर दोन वेढ्यांना तुटतो आणि मुलं वैतागतात. आणि गुंडाळायला कमरेपासून सुरुवात करायला सांगा, पेपरचं टोक पॅन्टमध्ये खोचलं की घसरत नाही, नाक-तोंड मोकळंच ठेवायचं. शेवटी सगळ्या ममींनी एकदम हात फाकवून सुटायचं, हा भाग बक्षिसापेक्षा भारी असतो, व्हिडिओ काढाच.

अजून एक, पाण्यातलं सफरचंद तोंडाने पकडायचा जुना खेळ बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हॅलोवीनला तो पिढ्यान्‌पिढ्या खेळतात, पण एकाच टबात १४ तोंडं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा दोरीला टांगलेलं खायचं ठेवा. तोही तिकडचाच जुना प्रकार आहे, पूर्वी आडव्या काठीच्या एका टोकाला सफरचंद आणि दुसऱ्या टोकाला पेटती मेणबत्ती लावून काठी गरागरा फिरवायचे! आपण मेणबत्ती सोडून देऊ. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे दोरीला डोनट, हात मागे, आधी संपवेल तो जिंकला. दोरी ओठांच्या जरा वर ठेवा, गळ्याच्या पातळीला कधीच नको.

चिंगीची_आई:
बापरे मेणबत्ती! किती छान सांगताय सगळे. एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तर बक्षीस काय द्यावं? आणि मोठ्या चौघांचं काय करू? ते म्हणतात आम्ही ड्राय आइसचा धूर करतो.

वटवाघूळ:
ड्राय आइस मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश असतो, नुसतं बोट लागलं तरी कातडी भाजल्यासारखी होते, बंद बरणीत ठेवलं तर बरणी फुटू शकते, आणि त्याचा वायू बंद खोलीत खाली साचतो, जिथे छोटी मुलं असतात. झिरमिळ्यांच्या कॉस्च्युमजवळ खऱ्या मेणबत्त्याही नकोत, बॅटरीवाल्या लावा.

ॲलर्जीसाठी सोपं आहे, सगळ्यांनाच खाऊऐवजी वस्तू द्या, म्हणजे ती एकटी वेगळी पडत नाही. ग्लोस्टिक, स्टिकर, खोडरबर. अमेरिकेत २०१४ पासून दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवायची मोहीमच आहे, तो दिसला की समजायचं इथे खाण्याशिवायच्या वस्तूपण मिळतात. आणि डोनटच्या पाकिटावरचे घटक नक्की वाचा, नाहीतर तिथेही सफरचंदाची फोड टांगा.

मोठ्यांना तयारीला लावा. अंगणात किंवा पॅसेजमध्ये भुताची वाट त्यांनी बनवायची, आणि छोट्यांना हात धरून त्यांनीच न्यायचं. भीतीची तीन बटणं ठेवा, म्हणजे मूल एक बोट दाखवेल तर दिवे चालू आणि नुसते आवाज, दोन बोटं म्हणजे दिवे मंद, तीन म्हणजे पूर्ण अंधार. किती घाबरायचं ते मुलाने ठरवायचं.

पानगळ:
तीन बोटांची आयडिया मी उचलली!

रात्रीचा_चहा:
वटवाघूळ, वाट भारी आहे, पण मला एक खटकतंय. १३-१४ ची मुलं म्हणजे फुकटचे स्वयंसेवक नव्हेत हो, तीही पार्टीलाच आलीत. त्यांच्यासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवा, छोटी घरी गेल्यावर. माफिया खेळू द्या, म्हणजे तेच लांडगा आणि गावकरी. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठातल्या दिमित्री दाविदोफने तो बनवला. ना पत्ते लागत ना बोर्ड, नुसत्या चिठ्ठ्या, ज्याला लांडग्याची चिठ्ठी येईल तो लांडगा, बाकी गावकरी. डोळे मिटले की गावात रात्र, लांडगा गुपचूप एकाला मारतो, सकाळी सगळे भांडून लांडगा कोण ते शोधतात. फक्त पाच-सहा जण तरी हवेत, चौघांत रंगत नाही, तर दहा वर्षांच्या दोघांना सामील करा आणि सूत्रधार तुम्ही व्हा. ते दोघं मोठ्यांत बसायला मिळालं म्हणून किती खूष होतात बघा.

चिंगीची_आई:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. क्रम असा लावलाय: उजेड आहे तोवर बोलिंग आणि ममी, मग डोनट, मग वाट, छोटी गेली की लांडगा. धाकटीला आत्ताच स्पगेटीचं दाखवलं तर म्हणाली मी एकच बोट दाखवणार. मोठा शेजारी बसून वाटेचा नकाशा काढतोय, आणि त्याने तिच्यासाठी पहिल्या वळणावर दिवा मांडलाय.