अनुभव धागा: फिऑर्डलँडच्या रानात हरणाची शिकार

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने हरीण मारणं गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र हरीण बाहेरून आणलेलं, रान उजाड करणारं जनावर मानलं जातं. तिथे, म्हणजे देशाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फिऑर्डलँडमध्ये, बंदुकीचा परवाना काढून रानात उतरणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. किस्से नकोत, कामाचं लिहा.

इन्व्हरकार्गिलहून
आधी थोडा इतिहास, कारण नियम त्यातूनच आलेत. वटवाघळं सोडली तर या बेटांवर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. १८५१पासून इंग्रज वसाहतवाल्यांनी लाल हरणं आणून सोडली. १९०५ साली फिऑर्डलँडच्या जॉर्ज साउंड या खाडीत अमेरिकेतले वापिटी (मोठ्या जातीची हरणं) उतरवले, त्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भेटही होती. वाघ-लांडगा नाहीच, मग हरणं माजली आणि रानाची कोवळी रोपं संपू लागली. १९३०मध्ये हरणांना असलेलं कायद्याचं संरक्षण उठलं. पाठोपाठ सरकारने पगारी शिकारी नेमले, .३०३ रायफल घेऊन महिनोन्‌महिने डोंगरात राहणारे. १९६०च्या दशकात हेलिकॉप्टरं आली, मांस परदेशी जाऊ लागलं, पुढे जाळ्या टाकून जिवंत हरणंही पकडली. आज डोंगरातल्या ज्या झोपड्यांत मुक्काम करतो, त्यातल्या बऱ्याच या शिकाऱ्यांसाठीच बांधलेल्या.

क्वीन्सटाऊनहून
वारा. पहाटे गार हवा दरीत उतरते, ऊन चढलं की उलटून वर येते. म्हणून सकाळी खालून वर जा आणि उन्हं तापायच्या आत हरणांच्या वरच्या अंगाला पोचा. हा पालट होताना वारा गिरक्या घेतो, तेव्हा अर्धा तास बसून राहिलेलं बरं. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात हवी. चिमूटभर उडवली की लगेच कळतं. नारिंगी जाकिटाची भीती नको, हरणाला तो रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही.

डुनेडिनहून
मार्चअखेर ते एप्रिल म्हणजे 'रोअर', नर डरकाळ्या फोडतात तो काळ. नळीतून तशी डरकाळी काढली की नर चालून येतो. पण समोरून उत्तर देणारा दुसरा शिकारीही असू शकतो, आणि माणसं जातात ती इथेच. आवाज, हालचाल, रंग, यातल्या कशावरही गोळी नाही. शिंगं दिसली तरी नाही, कुणीतरी मुंडकं पाठीवर बांधून चाललेला असू शकतो. डोकं, मान, खांदा सलग दिसला पाहिजे आणि ते दुर्बिणीतून बघा, रायफलच्या स्कोपमधून नव्हे. झाडीत चालताना चेंबर (रायफलीत गोळी बसते ती जागा) रिकामं. स्वतः मुंडकं वाहत असाल तर त्यावर भडक कापड गुंडाळा.

ते अनाउ गावाहून
नवखे सगळे नेमबाजीचं विचारतात. खरा कस गोळीनंतर लागतो. हरीण जिथे उभं होतं ती जागा झाडाच्या खुणेने आधी पक्की करा, मगच हला. फेसाळ, फिकट रक्त म्हणजे फुफ्फुस. हरीण जवळच पडलेलं असतं. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट. लगेच मागे धावलात तर ते उठून आणखी दाट झाडीत जातं.

सापडलं की पोट लगेच मोकळं करा. सुरीची धार वर, दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे आतडं फाटत नाही. मूत्राशय अलगद धरून काढा. मांस नासतं ते अडकलेल्या उष्णतेने, आणि ती सर्वांत जास्त मांडीच्या हाडाजवळ टिकते, म्हणून मागच्या तंगड्या आधी सोडवून सावलीत टांगा. सुती पिशव्या वापरा. प्लॅस्टिकमध्ये मांस घामेजतं आणि वर माश्या. हाडं काढून टाकली तर ओझं पुष्कळ हलकं होतं. एका माणसाला मोठा नर एका खेपेत निघत नाही, तेव्हा मुक्कामापासून किती लांब गोळी झाडायची ते आधीच ठरवा. त्या भागात १०८० (उपद्रवी जनावरं मारायला रानात टाकतात ते विष) टाकलंय का, हे निघण्यापूर्वी संवर्धन खात्याच्या नकाशावर पाहा. टाकलं असेल तर मांस घेऊ नका.

पुन्हा इन्व्हरकार्गिलहून
एक राहिलं. फिऑर्डलँडमधल्या मिलफर्डला वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीसारखा, फक्त पावसाळ्यापुरता नाही. नद्या काही तासांत चढतात आणि बऱ्याचदा तशाच उतरतातही. दोन दिवसांचा जादा शिधा ठेवा आणि पलीकडे अडकलात तर थांबा. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (संकटात मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) अंगावरच्या खिशात, पाठपिशवीत नको. नदीत पहिली पिशवीच वाहून जाते.