घरच्या अवजारपेटीसाठी स्क्रूड्रायव्हर एकेक करून घ्यायचेत, कुठून सुरुवात करू?

मुक्ता_क

बाबांची अवजारपेटी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. पक्कड, दोन हातोड्या, कानशी, पान्ह्यांचा संच, सगळं जागच्या जागी आहे. नाहीत ते फक्त स्क्रूड्रायव्हर. ते कुणीकुणी मागून नेले आणि परत आले नाहीत. एकच उरलाय: लाकडी मुठीचा, चपटा, दांडा मुठीतून आरपार गेलेला. मुठीच्या टोकाला लोखंडी टोपी आहे आणि तिच्यावर हातोडीचे टोले दिसतात. बाबा अवजारांना फार जपायचे, त्यामुळे हे टोले बघून मला नवल वाटतं.

मधे मी बत्तीस नगांचा एक संच घेतला होता. मूठ एकच, टोकं बदलायची. महिन्यापूर्वी कपाटाच्या दाराची बिजागरी सैल झाली म्हणून स्क्रू काढायला बसले. फुलीचा स्क्रू, फुलीचंच टोक. पहिल्याच जोराला टोक सटकलं. पुन्हा बसवलं, पुन्हा सटकलं. पाचव्या-सहाव्या वेळी बघते तर टोकाच्या पाकळ्या गोल झालेल्या आणि स्क्रूत फुलीऐवजी नुसता खड्डा. स्क्रू तिथेच आहे. दार रोज खालच्या फळीला घासतं आणि तो आवाज ऐकला की मला त्या संचाचा राग येतो.

आता ठरवलंय की संच नको. एका वेळी एक, पण चांगला घ्यायचा, बाबांच्या पेटीत ठेवायला संकोच वाटणार नाही असा. आणि परवडणाराही हवा. फार महागडे नावाजलेले मला झेपणार नाहीत. हातात घेतल्यावर चांगला कुठला ते कसं ओळखायचं? सगळ्यांवरच ‘क्रोम व्हॅनेडियम’ छापलेलं असतं, त्याचा काही अर्थ असतो का? आणि पहिले चार-पाच कुठले घेऊ?

कानस

मुक्ताताई, आधी काहीच घेऊ नका. एक वही घ्या, टॉर्च घ्या आणि घरभर फिरून प्रत्येक स्क्रूचं डोकं बघा. चपटी खाच आहे की फुली, हे लिहा. चपटी असेल तर खाचेची लांबी आणि जाडी मोजा. फुली असेल तर तिच्या चार पाकळ्यांच्या मधे बारीक रेघा कोरल्यात का ते बघा. ही यादी झाली की तुमचे चार-पाच कुठले ते आपोआप कळेल. बत्तीस टोकांतली बहुतेक टोकं आपण आयुष्यात वापरत नाही, आणि जी तीन-चार रोज लागतात तीच त्या संचात कच्ची असतात.

टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. नवीन मुलगा आला की त्याला मी एकच गोष्ट करायला लावायचो. टोक खाचेत बसवायचं आणि न फिरवता हलकेच डावीउजवीकडे हलवून बघायचं. खुळखुळलं तर तो स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूचा नाही, मग तो कितीही भारी असो.

चपटा घेताना आडवा धरून उजेडाकडे बघा. स्वस्तातले बरेचसे पाचरीसारखे असतात, वर जाड आणि खाली निमुळते. अशी पाचर खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते. जोर लावला की ती वर चढते आणि कड फोडून बाहेर येते. चांगल्या चपट्याच्या टोकाचा शेवटचा भाग दोन्ही बाजूंनी समांतर घासलेला असतो, त्यामुळे तो खाचेच्या भिंतीला तळापर्यंत टेकतो. खालची कड सरळ हवी, कोपरे धारदार काटकोनी हवेत. नीट बनवलेल्या चपट्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ०.८×४ किंवा १.०×५.५. पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लोक रुंदी बघून घेतात. जाडी चुकली तर ती रुंदी काही कामाची नाही.

‘क्रोम व्हॅनेडियम’ (म्हणजे क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद) छापलेलं खोटं असतं असं नाही, पण त्यावरून कळत फार कमी. तेच पोलाद, नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-निववून कडक केलेलं असेल तर वर्षानुवर्षं जाईल आणि नसेल तर पहिल्याच गंजलेल्या स्क्रूला पिळून येईल. मऊ राहिलं तर पिळतं, गरजेपेक्षा कडक झालं तर कोपऱ्याचा कपचा उडतो. घरी आणल्यावर बारीक दाताची कानस टोकाच्या बाजूला एकदा हलकी फिरवा. लोण्यासारखी रुतली तर परत करा. कानस घसरत, किरकिरत जेमतेम खरवडत असेल तर तो ठेवा.

टोकावर चकचकीत मुलामा असेल तर मला तो आवडत नाही. क्रोमच्या थराने कोपरे गुळगुळीत होतात आणि पुढे तोच थर सोलून निघतो. दांड्यावर मुलामा असू द्या, टोक मात्र उघडं, काळपट, किंचित खरखरीत असावं.

आणि मूठ. पिळण्याची ताकद मुठीच्या जाडीतून येते, दांड्याच्या लांबीतून नाही. लांब स्क्रूड्रायव्हरने जास्त जोर लागतो असं सगळे म्हणतात, पण लांबीचा फायदा एवढाच की हात स्क्रूशी सरळ रेषेत धरता येतो आणि अडचणीच्या जागी पोचता येतं. मूठ तुमच्या मुठीत भरली पाहिजे. दांडा मुठीला जिथे मिळतो तिथे षटकोनी भाग असेल तर तिथे पान्हा लावून जादा जोर देता येतो. दोन-तीन मोठ्या मापांना तो असावाच.

तारवाला

कानसकाकांनी सांगितलं त्यात एक भर. विजेच्या कामाला वेगळा ठेवा आणि तो इतर कशालाही वापरू नका. प्लास्टिकची मूठ आहे म्हणजे शॉक लागणार नाही, हा समज जिवावर बेतू शकतो. त्या कामाच्या स्क्रूड्रायव्हरवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, आणि आवरण दांड्यावर जवळजवळ टोकापर्यंत आलेलं असतं. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अशी अवजारं १०,००० व्होल्टला तपासलेली असतात. आवरणाला एक जरी चीर दिसली तरी तो विजेच्या कामातून बाद. आणि हा हाताशी असला तरी मेन स्विच बंद करायचा तो करायचाच.

इथे पैसे वाचवू नका. बाकीचे थोडे साधे घेतले तरी चालतील.

जुनंसोनं

मी जुनी अवजारं गोळा करून नीट करतो, म्हणून त्या लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरबद्दल आधी लिहितो. त्याला ग्राइंडरवर धरू नका. टोकावर निळा रंग चढला की पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि दिलेलं पाणी उतरलं, मग ते टोक मऊच राहणार. कोपरे घासले गेले असतील तर हातकानशीने, सावकाश, एकाच दिशेने घासा. मुठीला जवसाचं तेल चोळून पुसून घ्या. तेलाच्या चिंध्या मात्र उघड्यावर पसरून वाळवा, बोळा करून टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

जुन्या पारदर्शक प्लास्टिकच्या मुठी मिळाल्या तर सोडू नका. त्यांच्यावर पांढरी भुकटी येते आणि आंबट, कुजकट वास येतो म्हणून लोक त्या टाकून देतात. ते प्लास्टिक सेल्युलोजपासून बनतं आणि जुनं झालं की आम्ल सोडतं. साबणाच्या पाण्याने धुवून, पुसून, बंद पेटीऐवजी हवेशीर जागी ठेवलं की वास बराच कमी होतो. मूठ तडकलेली नसेल तर आतलं पोलाद बहुतेक वेळा आजच्या स्वस्त मालापेक्षा सरस निघतं. परवडणारं आणि चांगलं असं दोन्ही हवं असेल तर माझ्या मते जुन्यातच शोधा.

बदलत्या टोकांना सरसकट नावं ठेवणं मात्र मला पटत नाही. मुक्ताताईंचा संच वाईट होता हे खरं. पण एक घट्ट पकडणारी मूठ आणि नीट पाणी दिलेली पाच-सहा सुटी टोकं घेतली तर टोक झिजल्यावर फक्त तेवढंच बदलायचं, अख्खा स्क्रूड्रायव्हर नाही. फुलीची टोकं झिजतातच. त्याचं कारण त्या रचनेत आहे. हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये या रचनेची पेटंटं मिळाली आणि जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत हे स्क्रू वापरले. टोक आपोआप मधोमध बसतं, म्हणून यंत्राने झपाट्याने काम होतं. पण पाकळ्यांच्या भिंती उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की तेच टोक बाहेर ढकललं जातं. कॅनडात रॉबर्टसन यांनी १९०८ सालीच चौकोनी खाच काढली होती. ती इतकी सटकत नाही, तरी जगभर पसरली ती फुलीच.

कानस

जुनंसोनं, टोकं झिजण्याबद्दल मान्य. पण बदलत्या टोकाचा खाचेत एक खुळखुळाट आणि मुठीच्या षटकोनात दुसरा. बारीक स्क्रूला हाताला जे कळायला हवं ते त्यात हरवतं. रोज लागणारे दोन-तीन तरी अखंड दांड्याचे असावेत, यावर मी ठाम आहे.

मुक्ता_क

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून घर पालथं घातलं. वहीत चौऱ्याहत्तर नोंदी झाल्या. चपटे फक्त अकरा, त्यातले काही जुन्या कड्याकोयंड्यांचे. शिलाई मशीनचे सहा, सगळे चपटे, आणि त्यांची खाच इतकी अरुंद की माझ्याकडचं एकही टोक आत जात नाही. बाकी सगळ्या फुल्या.

कानसकाका, तुम्ही रेघा बघायला सांगितल्या नसत्या तर मला हे कधीच कळलं नसतं. कपाटाच्या सगळ्या बिजागऱ्यांच्या स्क्रूंना चार बारीक रेघा आहेत! पंख्याच्या रेग्युलेटरच्या पेटीवरच्या फुलीला नाहीत. इतके दिवस मी दोन्ही एकच समजत होते. मग त्या बत्तीसमधलं टोक सटकलं ते यामुळे का?

कानस

अगदी यामुळेच. रेघावाला तो पोझिड्राइव्ह, टोकावर पीझेड लिहिलेलं असतं. साधा तो फिलिप्स, पीएच. पीझेडच्या पाकळ्यांच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, शिवाय मधल्या कोपऱ्यांत चार बारीक कडा असतात. पीएच टोक त्यात शिरतं, म्हणून बरोबर वाटतं. पण ते वरवर टेकतं आणि जोर दिला की चढतं. म्हणजे तुमचं टोक कच्चं होतं की नाही हा पुढचा प्रश्न, ते त्या स्क्रूचं नव्हतंच. जपानी यंत्रांवरच्या फुल्यांचंही असंच आहे. दिसायला फिलिप्स, पण मापं जेआयएस या त्यांच्या मानकाची. डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो.

तुमच्या यादीवरून मी घेतले असते ते सांगतो. पीझेड २ आणि पीएच २ (आकडा मापाचा), दोन्ही अखंड, जाड मुठीचे. पीएच १ एक. शिलाई मशीनसाठी समांतर टोकाचा बारीक चपटा, खाच मोजूनच. आणि तारवाल्यांनी सांगितलेला विजेचा. पाचच्या वर आत्ता नको.

बिघडलेल्या स्क्रूचं बघू. बाबांच्या त्या चपट्याची रुंदी किती?

मुक्ता_क

साडेपाच मिलिमीटर. खड्ड्यापेक्षा थोडा रुंद आहे.

कानस

मग तोच घ्या. समोरासमोरच्या दोन पाकळ्यांवर आडवा ठेवा, सरळ धरा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि टोपीवर हातोडीचे दोन-तीन नेमके टोले द्या. टोक त्या मऊ स्क्रूत स्वतःची खाच पाडेल. मग पूर्ण अंगाचा भार देऊन, सावकाश, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग उलटा फिरवा. दांडा आरपार आणि वर टोपी, ती याचसाठी असते. साध्या प्लास्टिकच्या मुठीवर असे टोले देऊ नका, ती फुटेल. बाबांनी अवजाराची आबाळ केली नव्हती, ताई. त्यांनी ते नीट वापरलं होतं.

मुक्ता_क

निघाला. तिसऱ्या टोल्याला टोक रुतल्याचं हाताला कळलं. घट्ट करायच्या दिशेला जरासा सरकला, ‘कट्’ असा आवाज आला आणि मग उलटा सुटला. स्क्रू वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवलाय, खड्डा आणि त्यावर आडवी पडलेली नवी खाच, दोन्ही दिसतात. टोपीवर माझेही तीन टोले उमटलेत, बाबांच्या शेजारी.

पीझेड २ घेतला. टोक काळं, मूठ जाड, मुठीखाली षटकोन. कानस फिरवून पाहिली, घसरली. नवा स्क्रू पहिल्या प्रयत्नात बसला, एकदाही सटकला नाही. दार आता घासत नाही. पुढच्या महिन्यात शिलाई मशीनचा चपटा घेणार आहे. त्या खाचा ०.५ मिलिमीटरच्या आसपास भरतात, तर ०.५×३ चालेल का, की आणखी बारीक बघू?

कानस

०.५×३ आधी बसवून बघा. हलवून बघायला विसरू नका.