अनुभव धागा: एकटीची पहिली नाईट

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दहा-वीस खाटांचा दवाखाना, वर डॉक्टरांचं घर, दाराशी औषधाचं दुकान. 1949 च्या नोंदणी कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं मोठ्या वॉर्डात जातात. तिथे रात्री तीन वाजताही हाकेच्या अंतरावर कुणी ना कुणी सीनियर असते. मग नोकरी लागते ती अशा जागी, जिथे रात्री आठनंतर तुम्ही, मावशी आणि भिंतीवरचं घड्याळ. त्या पहिल्या रात्रीबद्दल लिहा. दवाखान्याचं, डॉक्टरांचं, पेशंटचं नाव नको. फजिती चालेल, चूक असेल तर आधी चूक लिहा. सुरुवात मी करते.

2016, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, 18 खाटा. आठवडाभर सीनियर सिस्टरच्या मागे फिरले आणि नवव्या दिवशी ती बहिणीच्या लग्नाला गेली. ड्युटीची ओव्हर देताना म्हणाली, "चार नंबरच्या काकू पिशवीच्या ऑपरेशनच्या, आज पहिलाच दिवस. बाकी सगळे झोपणारे आहेत."

रात्री दहाला काकूंचं बीपी 124/80 होतं. दोन दहाला 100/70, नाडी 116. काकू एवढंच म्हणाल्या, "जरा घाबऱ्यासारखं होतंय गं." मी बीपीचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मशीनवर संशय घेतला. ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, पाऱ्याचं मशीन आणलं, 96/60. पांघरूण उचलून युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, पाहिली. आठला रिकामी केलेली पिशवी सहा तासांत साठ मिलीवर अडकली होती, रंग कडक चहासारखा. हे सगळं दिसत असताना मी काय करत होते? नर्सिंग स्टेशनवर बसून ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर सुबक अक्षरात आकडे भरत होते. सर दुपारपासून उभे होते, अकराला वर गेले होते. "थोडं कमी आहे" एवढ्यासाठी उठवायचं? उठवलं आणि बीपी नीट निघालं तर?

मावशी व्हरांड्यात आडवी होती. उठून आली, काकूंच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "गार घाम हाय. फोन लाव." ती चौथी शिकलेली, मी फर्स्ट क्लास.

सर बनियनवर खाली आले. पोट दाबून पाहिलं, भूलतज्ज्ञांना फोन केला, मला सलाईनची दुसरी लाईन लावायला सांगितली. आत रक्तस्राव होत होता. पहाटे पुन्हा पोट उघडलं, दोन पिशव्या रक्त गेलं, काकू वाचल्या. सकाळी सरांनी चार्ट हातात घेतला आणि विचारलं, "पहिलं बीपी कितीला?" दोन दहा. "फोन?" दोन चाळीस. चार्ट ठेवला आणि राऊंडला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सांगलीकडची

माझ्या पहिल्या रात्री फोन नाही, त्रैराशिक उपयोगी पडलं. निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांचं इन्शुलिन पेनमधलं. पेनच्या सुया संपल्या, दुकान बंद, जेवण समोर आलेलं. मी हुशारीने पेनच्या काडतुसातून सिरिंजमध्ये औषध ओढलं, सोळाच्या रेषेपर्यंत. दंडाला स्पिरिट लावलं, तेवढ्यात गुरुजींनी चष्मा नाकावर ओढला. "बाई, टोपण लाल आहे."

म्हटलं, हो, इन्शुलिनचीच सिरिंज आहे.

"लाल म्हणजे मिलीत चाळीस युनिट. पेनमधलं औषध मिलीत शंभर. सोळाच्या रेषेवर किती आले? मांडा त्रैराशिक."

मी तिथेच टीपीआर चार्टच्या मागे मांडलं. चाळीस युनिट. सोळाऐवजी चाळीस, म्हणजे अडीच पट. गुरुजी म्हणाले, "नारिंगी टोपणाची आणा, शंभराची. तोवर मी भाकरी मोडत नाही." ती सिरिंज शोधायला मला दहा मिनिटं लागली, ते ताटावर हात ठेवून बसून राहिले. आता नवीन मुलगी आली की मी तिला आधी दोन टोपणं दाखवते, मग वॉर्ड.

यवतमाळ जिल्हा, ब्रदर (पुरुष नर्स)

धाग्याचं नाव 'एकटीची' आहे, तरी लिहितो. रात्री नऊला एका पेशंटच्या सासूबाई आल्या. "सिस्टर कुठी हाय?" मीच. "तुमी तं मानूस हा." हो. "मंग सिस्टर कुठी हाय?" हे अर्धा तास चाललं. शेवटी मी सुनेचं सलाईन एका टोचण्यात लावलं, तेव्हा सासूबाई जरा सरकून बसल्या.

खरी रात्र नंतर सुरू झाली. दम्याचे आजोबा ऑक्सिजनवर. दीडला पाहतो तर सिलिंडरचा काटा लालमध्ये. दुसरा भरलेला सिलिंडर शेजारीच उभा, चावी गायब. दिवसपाळीचा वॉर्डबॉय ती खिशात घालून घरी गेलेला, मोबाईल बंद. सरांना फोन केला. ते दुसऱ्या गावाहून निघाले, पण पोचायला चाळीस मिनिटं. काटा तेवढा थांबणार नव्हता. मी आजोबांना पाठीशी उशा लावून ताठ बसवलं आणि रस्त्यावर पळालो. कोपऱ्यावर एक ऑटोवाला मागच्या सीटवर झोपलेला. त्याच्या डिकीत पान्हा मिळाला. ग्रीसने माखलेला. ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागू द्यायचं नाही, हे मात्र कॉलेजात डोक्यात ठोकून बसवलेलं. कोरड्या गॉजने पान्हा पुसत होतो आणि ऑटोवाला म्हणत होता, "भाऊ, चमकवता कायले, तिकडं बुडा मरून राहिला!"

व्हॉल्व्ह फस्सकन उघडला. आजोबांनी दोन श्वास घेतले आणि मास्कमधूनच चहा मागितला. चावी आता बँडेजच्या पट्टीने सिलिंडरच्या मानेला बांधलेली असते. कुणी सोडली तर मी भांडतो.

निवृत्त, सोलापूर

1983 साली काचेच्या सिरिंजा उकळून रात्र जायची. तुमच्या गोष्टी वाचल्या, सगळ्या खऱ्या. पण पहाटे चारच्या झोपेबद्दल कुणीच लिहीना. मी उभ्या उभ्या, औषधाच्या कपाटाला टेकून झोपलेली आहे. हातात किल्ल्या होत्या, त्या पडल्या म्हणून जागी झाले. पुढची पंचवीस वर्षं किल्ल्या हातातच धरल्या.

कणकवलीच्या बाजूची

पावसाळा, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर दोन ट्यूब. साडेदहाला एक काका आपल्या पायांनी चालत आले. भाताच्या मळ्यावरून येताना घोट्याला फुरसं, तो छोटा विषारी साप, चावलेलं. टॉर्चच्या उजेडात पाहिलेलं, त्यामुळे ओळखीत शंका नव्हती. सूज थोडी, दुखणं थोडं. काकांचं एकच पालुपद, "माका काय एक जावूक नाय, मी घराक जातंय." बरोबरचा भाचाही चुळबुळत होता. फुरशाचं हेच वाईट. माणूस बोलत असतो, हसत असतो आणि रक्ताची गोठायची ताकद आतून संपत असते.

डॉक्टर सहा किलोमीटरवर. फोनवर म्हणाले, "काचेच्या नळीत दोन मिली रक्त घे, वीस मिनिटं हात लावू नकोस. मी निघालो." आता काचेची नळी आणू कुठून? लॅबवाला संध्याकाळी कुलूप लावून गेलेला, ट्रेमध्ये सगळ्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकमध्ये ही तपासणी चालत नाही. धुतलेली बाटलीही नको, साबणाचा अंश राहिला तर रक्त उगाच पातळ दिसतं. ड्रेसिंगच्या कपाटात खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन कोऱ्या नळ्या सापडल्या. ठेवणारीचे पाय धरावेसे वाटले.

नळी पेल्यात उभी केली आणि समोर बसले. वीस मिनिटं किती मोठी असतात! काका विचारत होते, "झाला?" मी म्हणत होते, हलवायचं नाही. वेळ भरल्यावर नळी एकदाच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठाला आलं. काका गप्प झाले, भाच्याने खुर्ची ओढून घेतली.

डॉक्टर आले ते भिजलेल्या रेनकोटात. सापाच्या विषावरच्या लसीच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, फ्रिजमधून काढल्या. कोरडी पूड, प्रत्येकीत दहा मिली पाणी. जोरात हलवली की फेस होतो, म्हणून तळहातात धरून हळू फिरवायची. लवकर विरघळत नाही. मी एक फिरवत होते, मावशी एक, शेवटी भाच्यालाही एक दिली. रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनलिन आधीच भरून उशाशी ठेवलेलं. ड्रिप सुरू झाली आणि मग 108 ने जिल्ह्याला पाठवलं. नवव्या दिवशी काका परत आले, फणसाच्या गऱ्यांचा डबा घेऊन. भर श्रावणात गरे कुठून आणले, विचारायचं राहिलं.

नातेवाईक म्हणून

मी नर्स नाही. 2019 मध्ये आई एका नर्सिंग होममध्ये होती. रात्री सलाईन संपून नळीत रक्त चढलं. मी बेल वाजवली, कुणी येईना. दहा मिनिटांनी एक मुलगी धावत आली. तिला मी वॉर्डभर ऐकू जाईल असं बोललो. पैसे मोजतो वगैरे. ती काही बोलली नाही. लाईन फ्लश केली, बाटली बदलली, परत पळाली. तिच्या ॲप्रनच्या बाहीला ओलं रक्त होतं. पलीकडच्या खोलीत बाळंतीण होती, हे मला पहाटे बाळ रडलं तेव्हा कळलं. सकाळी माफी मागायला गेलो, तर ड्युटी बदललेली.

मूळची नाशिक, आता इंग्लंड

इथे मात्र नर्सिंग होम म्हणजे म्हातारपणाचं शेवटचं घर. 38 आजीआजोबा, रात्री एकच नर्स, बाकी केअरर, म्हणजे देखभाल करणाऱ्या मदतनीस. वर डॉक्टर राहत नाहीत, इमारतीत डॉक्टरच नसतो. मी नाशिकला आयसीयू केलेली. वाटलं, इथे काय असणार?

दुसऱ्याच एकट्या रात्री चौदा नंबरचे आजोबा गेले. अपेक्षित होतं. फाइलमध्ये हृदय थांबलं तर छाती दाबून पुनरुज्जीवन करू नये, हा सहीचा कागद पुढेच लावलेला. मॉर्फीन चालू होतं. कपाटातून काढायचं तर रजिस्टरवर दोन सह्या, माझी आणि केअररची. पहाटे चारला केअरर मला बोलवायला आली. माझे हात आपोआप छातीकडे गेले. आयसीयूतली सवय. तिने हळूच माझं मनगट धरलं.

मग जे शिकवलं होतं ते केलं. पूर्ण पाच मिनिटं छातीला स्टेथोस्कोप लावून काहीही न ऐकणं. बुबुळं पाहणं. वेळ लिहिणं. केअरर नायजेरियाची, तिने खिडकी दोन बोटं उघडली. आत्मा जायला, असं इथल्या जुन्या नर्सेस मानतात, तीही त्यांच्याकडूनच शिकलेली. मला आमच्या आजीच्या तोंडात घातलेलं तुळशीचं पान आठवलं. तुळस कुठली आणणार? कापसाने त्यांचे ओठ पाण्याने ओले केले. कुठल्या नियमात ते बसतं, माहीत नाही.

आता लेकीला फोन. फाइल उघडली तर तिच्या अक्षरात लिहिलेलं: काहीही झालं तरी रात्री फोन करू नये, सकाळी सातनंतर. मला आधी रागच आला. बाप गेला आणि ही झोपणार? केअरर म्हणाली, ती बाई रोज संध्याकाळी पाच ते नऊ इथे बसते, चार महिने झाले. मग मी औषधांचा राऊंड संपवला, दर थोड्या वेळाने चौदा नंबरमध्ये डोकावले आणि सात वाजून एक मिनिटाने नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि मग माझ्या आधी तिलाच कळलं.

नवीन, काल रात्री पहिली

दुपारी हे सगळं वाचून गेले, त्यामुळे आणखीच धडधडत होतं. अकरा खाटा, सात पेशंट. ठरवलंच होतं, तीस मिनिटं लावायची नाहीत. सव्वातीनला तापाच्या पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 79 दिसलं. नवी नवरी, गाढ झोपलेली. लगेच इंटरकॉम. सर धावत खाली, एका पायात चप्पल. त्यांनी तिचा हात उजेडात धरला. गार बोटं, नखांवर गडद मरून नेलपॉलिश. बोटावरचा प्रोब (मोजणारा चिमटा) काढून पायाच्या अंगठ्याला लावला. 98.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. सर म्हणाले, "उद्या ओटीतून रिमूव्हर आण." आणि मग जिन्यातून, "दुसरी चप्पल तिथे कुठे दिसते का बघ."