फॉक्सप्रोतलं बिलिंग अजून चालतंय, तर बदलायचं का? आणि बदलायचं तर सुरुवात कुठून?

प्रश्न – बांधावरचा_व्यापारी

खतं, बियाणं, कीटकनाशकांची होलसेल एजन्सी. प्रोप्रायटरशिप, उलाढाल ५ कोटींच्या वर. बिलिंग, स्टॉक आणि उधारीची खाती सगळी डॉसच्या (विंडोजच्या आधीची सिस्टिम) फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ३२ बिट विंडोज ७ ची मशीन, एकावर डेटाचं फोल्डर शेअर केलेलं, बाकीची तिथूनच उघडतात. दरवर्षी १ एप्रिलला नवीन फोल्डर. छपाई डॉट मॅट्रिक्सवर. मूळ प्रोग्रामर आता हे काम करत नाही, पण पीआरजी फाइली (प्रोग्रामचा मूळ कोड) आमच्याकडे आहेत. ई-इन्व्हॉइससाठी (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं जीएसटीचं बिल) संध्याकाळी एक जण तीच बिलं पुन्हा पोर्टलवर टाइप करतो.

एक मशीन बंद पडलं. नवीन आणलं ते विंडोज ११ चं, त्यावर प्रोग्राम उघडतच नाही. वडिलांचं म्हणणं, चालतंय ते कशाला मोडायचं. मला विचारायचंय ते असं: खरंच बदलायची गरज आहे का, तोवर दिवस कसे काढायचे, आणि जुना डेटा नीट येतो का? दुकानदारांची नावं मराठीत आहेत, पण सोबतचं मराठीचं सॉफ्टवेअर चालू असेल तरच दिसतात.

उत्तर – डीबीएफ_कारागीर

आधी तुमचं नवीन मशीन. डॉसचा प्रोग्राम १६ बिटचा थर मागतो आणि ६४ बिट विंडोजमध्ये तो थरच नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे इथून पुढे जे मशीन बंद पडेल, त्या जागी तुमचा प्रोग्राम जसाच्या तसा बसणार नाही. ‘चालतंय’ ते जुनं हार्डवेअर आहे तोवर.

तात्पुरतं काढायचं तर व्हीडॉस वापरा, नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर. गेमवाला डॉसबॉक्स नको, रेकॉर्ड लॉकिंग (एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याला अडवणं) हे त्याचं कामच नव्हे. व्हीडॉस धंद्याच्या डॉस प्रोग्रामांसाठीच केलेलं आहे, लॉकिंग आणि छपाई दोन्ही सांभाळतं. तरी डेटाच्या कॉपीवर एक चाचणी घ्याच: दोन मशीनवर एकाच वेळी एकाच मालाचं बिल करा आणि स्टॉक दोन्ही बिलांचा मिळून कमी होतो का बघा. एकाचाच झाला तर लॉक लागत नाहीये, मग ते एकाच मशीनवर वापरा. आणि हे एक सीझन काढण्यापुरतं आहे, संसार थाटण्यासाठी नाही.

आता बदलायचं का? प्रोग्राम जुना आहे हे माझ्या लेखी कारण नाही. आतला डेटा गुपचूप बिघडतो आणि कुणाला कळत नाही, हे कारण आहे. तीन जागा आजच तपासा.

पहिली, रकमेचं फील्ड (डेटातला रकाना). ते ८ रुंदी, २ दशांश असं असेल तर त्यात ९९९९९.९९ पर्यंतच नीट मावतं. १,२३,४५६.७८ चं बिल आलं की फॉक्सप्रो तक्रार न करता एक दशांश कापतो आणि १२३४५६.८ ठेवतो. आणखी मोठी रक्कम आली की आधी घातांकात लिहितो, तेही मावलं नाही तर नुसते तारे (***). लाखाच्या पुढच्या बिलांत ताळेबंद पैशांनी हलतो तो इथे, आणि आपण मात्र ‘राउंड ऑफ’ म्हणून सोडून देतो.

दुसरी, वीज गेल्यावर लटकलेले रेकॉर्ड. डीबीएफच्या (फॉक्सप्रोच्या डेटा फाइलीच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, रेकॉर्डची संख्या असते, फाइल नीट बंद झाली नाही तर ती मागे राहते. हिशोब सोपा आहे. १८ फील्डची फाइल असेल तर हेडर ३२ + १८ × ३२ + १ = ६०९ बाइट. एक रेकॉर्ड १४० बाइटचा आणि हेडर म्हणतंय ५२,३१० रेकॉर्ड, तर फाइल ६०९ + ७३,२३,४०० + शेवटचा १ = ७३,२४,०१० बाइटची हवी. ४२० बाइट जास्त निघाले तर तीन नोंदी फाइलमध्ये आहेत, पण प्रोग्रामला दिसत नाहीत. रीइंडेक्स करून (शोधसूची पुन्हा बनवून) त्या सापडत नाहीत, कारण इंडेक्स हेडरच्याच आकड्यावर बनतो.

तिसरी, तारखा. २.६ मध्ये सेंच्युरी (वर्ष चार आकड्यांत दाखवायची सेटिंग) बंद असताना वर्ष २५ टाकलं की १९२५ होतं. प्रोग्रामरने कुठेतरी शंभर वर्षं मिळवायची ओळ घातलेली असते, पण ती प्रत्येक स्क्रीनवर असतेच असं नाही. कीटकनाशकाच्या एक्स्पायरी डेटमध्ये १९०० च्या पट्ट्यातल्या तारखा शोधा.

उत्तर – टॅलीबाह्य

मी हिशोबाच्या बाजूने सांगतो. मोठी गोम कराच्या दरात असते. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, खत नियंत्रण आदेशात बसणारी सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ टक्क्यांवर आली. कीटकनाशकं साधारण १८ लाच राहिली, काही जैविक कीटकनाशकं १२ वरून ५ ला आली. जुन्या प्रोग्रामांत दर आयटम मास्टरमध्ये (मालाच्या यादीत) एकच असतो आणि बिल छापताना तिथूनच उचलला जातो. मास्टर बदलला की ऑगस्टचं बिल पुन्हा छापताना ५ टक्के लागतात. ऑगस्टचा माल परत आला तर क्रेडिट नोटही ५ ची निघते, ती मूळ बिलाप्रमाणे १२ ची हवी. दर प्रत्येक बिलाच्या ओळीत साठवलेला असला पाहिजे. नवीन काहीही घ्याल तेव्हा विक्रेत्यासमोर बसून एवढं एक करून बघा: बिल करा, मास्टरमधला दर बदला, जुनं बिल छापा. यात नापास झालेलं पॅकेज घेऊ नका, दिसायला कितीही देखणं असो.

ई-इन्व्हॉइसची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी आहे आणि त्यासाठी २०१७-१८ पासूनचं कुठलंही वर्ष धरतात, त्यामुळे ते तुम्हाला चुकणार नाही. हाताने पुन्हा टाइप करण्यात वेळ जातो ते सोडा, पण दुकानातलं बिल आणि पोर्टलवरचं बिल यांत एका आकड्याचा फरक पडला तर समोरच्याचं टॅक्स क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) अडकतं आणि फोन तुम्हाला येतो. तोवर निदान बिलांची जेसॉन फाइल (पोर्टल वाचू शकेल अशी) काढून एकत्र अपलोड करा. पीआरजी हाताशी आहेत, जाणकाराला हे अवघड नाही.

उत्तर – रेडिमेड_समर्थक

पीआरजी आहेत म्हणून तसाच्या तसा प्रोग्राम नव्या भाषेत लिहून घ्यायच्या फंदात पडू नका. बिलिंग-स्टॉक-उधारी हे बाजारात तयार मिळतं. जुन्या स्क्रीनची हुबेहूब नक्कल मागितली की जुन्या खोडीही पैसे मोजून विकत घेता, आणि पुन्हा एका माणसावर अवलंबून. तुमचं खरंच वेगळं काय आहे त्याची यादी करा: लॉटवार स्टॉक, एक्स्पायरी, कंपनीच्या स्कीमा. अर्ध्या पानात संपेल.

बांधावरचा_व्यापारी

धन्यवाद. ताळेबंदातला पैशांचा फरक आमच्याकडेही आहे, फील्ड बघतो. एक शंका: ऑडिट ट्रेल सगळ्यांना सक्तीचं झालंय असं एका विक्रेत्याने सांगितलं. आणि डेटा आणताना किती वर्षं मागे जायचं?

टॅलीबाह्य

नाही. बदलांची नोंद ठेवणारं, ती बंद न करता येणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना सक्तीचं आहे. प्रोप्रायटरला ते लागू नाही. असलं तर चांगलंच, विशेषतः बिलं तीन-चार जण करत असतील तर. पण भीती घालून विकणाऱ्याकडून घेऊ नका.

जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. त्यासाठी सगळी वर्षं नव्यात ओतायची गरज नाही. जुनी फोल्डरं फक्त वाचता येतील अशी ठेवा, एक प्रत दुकानाबाहेर. नव्यात आणा ते बिलवार येणं-देणं आणि लॉटवार स्टॉक. खात्याची नुसती एकत्र बाकी आणली तर कुठलं बिल किती दिवस थकलंय हे कायमचं जातं.

डीबीएफ_कारागीर

डेटा उचलताना दोन खड्डे. डिलीट केलेला रेकॉर्ड पॅक (कायमचा साफ) करेपर्यंत फाइलमध्येच असतो, फक्त सुरुवातीच्या बाइटमध्ये तारा लागतो. तो न बघणारी रूपांतराची साधनं रद्द केलेली बिलं जिवंत करतात. दुसरा खड्डा तुमची वर्षवार फोल्डरं: बंद झालेल्या दुकानदाराचा कोड पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिलेला असू शकतो. वर्ष आणि कोड मिळून ओळख धरा, मग जीएसटी क्रमांकावरून एकत्र करा.

मराठी नावांसाठी एक फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारं साधन) उघडा. ‘किरण’ शोधा. ‘क’ चा बाइट बी३ असेल आणि वेलांटीचा बाइट त्याच्यानंतर येत असेल तर तो इस्की (भारतीय लिप्यांचा जुना प्रमाणित कोड) आहे, जिस्ट या भारतीय भाषांच्या जुन्या तंत्राच्या काळातला. तुमचं नशीब चांगलं, इस्कीतून युनिकोड (आजचा सर्वमान्य कोड) जवळजवळ अक्षराला अक्षर होतं. वेलांटी क च्या आधी असेल तर तो फॉन्टचा आकारवार कोड आहे. तिथे त्याच फॉन्टचा तक्ता लागतो, वेलांटी अक्षरानंतर आणि रफार अक्षराआधी सरकवावा लागतो. कन्व्हर्टर तपासायला ‘राम’, ‘सीता’ देऊ नका, तिथे सगळेच पास होतात. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कीर्ती, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, ट्रॅक्टर द्या. ऱ्ह आणि ऱ्य वर बहुतेक अडखळतात.

बदल १ एप्रिललाच करा, सुरुवातीची बाकी जुळवणं सोपं जातं. जानेवारी ते मार्च दोन्ही शेजारी चालवा, दर शनिवारी येणं आणि स्टॉक ताडा. खरिपाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, हात लावू नका. शेजारी चालवताना आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) मात्र एकाच ठिकाणाहून काढा. तो जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून बनतो, तोच नंबर दुसऱ्यांदा गेला की पोर्टल नाकारतं. चुकून गेलेला २४ तासांत रद्द होतो, पण रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही.

रेडिमेड_समर्थक

छपाईचंही आत्ताच ठरवा. ई-इन्व्हॉइसचा क्यूआर दाट असतो, ९ पिनच्या डॉट मॅट्रिक्सवर रिबन फिकी झाली की स्कॅन होत नाही. बिलांना साधा लेझर घ्या. डॉट मॅट्रिक्स फेकू नका, गोदामाच्या चलनाच्या कार्बन प्रतींना तोच लागतो.