चंद्रावर एकट्याने उडण्याचे यान: आराखडा आताच हाती घ्यावा का?

ध्रुवतारा:
चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर माणसे उतरवण्याची तयारी चालू असताना एका अंतराळवीराला वाहून नेणाऱ्या छोट्या उड्डाणयानाचा आराखडाही आताच हाती घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल अवजारांची हातगाडी ओढत ‘कोन’ नावाच्या विवराचा चढ चढले, दमले आणि विवराचा काठ सापडेना म्हणून माघारी फिरले. तो काठ जेमतेम तीस मीटरवर होता, हे नंतर छायाचित्रांवरून कळले. थोडे वर उचलणारे साधन हाताशी असते, तर तो एका नजरेत दिसला असता.

हवा नसल्याने तिथे पंख आणि पॅराशूट निरुपयोगी आहेत, सारी भिस्त इंजिनाच्या झोतावर. पण गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश आहे. पाच किलोमीटरची उडी ४५ अंशांत घेतली, तर सेकंदाला ९० मीटर वेग पुरतो आणि सुमारे ८० सेकंदांत माणूस पोहोचतो. उतरताना तेवढाच वेग शून्यावर आणायचा, म्हणजे जाऊन-येऊन वेगातला बदल सेकंदाला ३६० मीटर. माणूस, पोशाख आणि इंधन धरून यानाचे वस्तुमान ४०० किलो मानले, तर कागदावर ५० किलोच्या आत इंधन लागते; प्रत्यक्षात तरंगण्यासाठी आणि राखीव म्हणून आणखी ठेवावे लागेल. नासाने १९६९ मध्येच असे अभ्यास करवून घेतले होते आणि अपोलोच्या चंद्रावर उतरलेल्या यानाच्या टाकीत उरलेले इंधन वापरण्याची कल्पनाही त्यांत होती.

काटेकोर:
आपले गणित बरोबर आहे, पण ते बिघाड गृहीत धरत नाही. ६ मे १९६८ रोजी चंद्रावर उतरण्याच्या सरावाचे यान आर्मस्ट्राँग यांच्या ताब्यातून सुटले; आसनासकट बाहेर फेकले गेल्यामुळे आणि पॅराशूट उघडल्यामुळेच ते वाचले. चंद्रावर पॅराशूट नाही. रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरण्याची गाडी, बंद पडला तर माणूस चालत परत येतो, आणि म्हणूनच अपोलो १७ मध्ये रोव्हर मुक्कामाच्या यानापासून ७.६ किलोमीटरपलीकडे नेला नाही. आपल्या उडीच्या शिखरावर, सव्वा किलोमीटर उंचीवर, इंजिन बंद पडलेल्या माणसाने काय करावे?

धुळीचाही विचार व्हायला हवा. अपोलो १५ उतरताना अखेरच्या टप्प्यात जमीन दिसेनाशी झाली आणि यान एका खळग्याच्या काठावर कलते टेकले. इथे तर माणूस इंजिनाच्या अगदी वर उभा राहणार.

ध्रुवतारा:
उंचीचा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यावर उपाय आहे. उडी चपटी ठेवली तर शिखर खाली येते, इंधन मात्र वाढते. एका इंजिनाऐवजी चार लहान इंजिने ठेवावीत आणि समोरासमोरच्या दोन इंजिनांवरही सुरक्षित उतरता येईल इतके बळ त्यांत असावे. शिवाय दुसरे यान तळावर सज्ज राहावे, ज्यावर अडकलेल्या माणसाला आणता येईल. धुळीसाठी डोळ्यांवर विसंबून चालणार नाही, त्यामुळे उंची आणि आडवा वेग रडारने मोजून यंत्रणेनेच यान उतरवावे. माणसाने फक्त जागा निवडावी.

खडकवेडा:
मला दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट राहून गेलेली दिसते. ध्रुवाकडे आपण जातो ते कायम सावलीत राहिलेल्या विवरांतल्या बर्फासाठी, आणि हायड्राझीन या रॉकेटच्या द्रव इंधनाच्या जातीतल्या इंधनाच्या झोतातही पाण्याची वाफ असते. तीच वाफ त्या थंड जमिनीवर गोठली, तर उचललेल्या नमुन्यात चंद्राचे पाणी किती आणि इंजिनाचे किती, हे सांगणे अवघड होईल. अपोलो १२ हे सर्व्हेअर ३ या आधीच उतरलेल्या मानवरहित यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले, तरी उडालेल्या धुळीने त्या जुन्या यानाचा पृष्ठभाग घासला गेला होता. म्हणून उतरण्याची जागा नमुन्यापासून दूर, आडोशाला असावी आणि शेवटचे अंतर पायी कापावे. विक्रमने सप्टेंबर २०२३ मध्ये इंजिने पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी घेतली. अशा मानवरहित उड्यांतून झोताचा परिणाम आधी मोजावा.

काटेकोर:
खडकवेडा यांची सूचना मला पटते. मात्र दक्षिण ध्रुवावरच्या शॅकल्टनसारख्या सुमारे चार किलोमीटर खोल विवरात यान बंद पडले, तर तो तीव्र उतार पोशाखासह चढून कोणी परत येणार नाही, आणि सुटकेला जाणारे दुसरे यानही त्याच धुळीत, त्याच काळोखात उतरेल. म्हणून पहिली काही वर्षे या यानाने काठावरून काठावर जावे. तळाशी माणूस उतरवण्याला माझा विरोध कायम आहे.