मदत हवी आहे : एसएफ-८६ आणि सातबाऱ्यावरचं नाव

अमेरिकन नेव्ही रिझर्व्हमध्ये इंटेलिजन्स ऑफिसर (डायरेक्ट कमिशन, म्हणजे थेट अधिकारी पदावर भरती) म्हणून अर्ज करतोय. अमेरिकन नागरिकत्व व पदवी आहे. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे; भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घेतलंय.

अडलंय ते सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीच्या) एसएफ-८६ या फॉर्ममध्ये, कलम २०अ, परदेशी मालमत्ता. साताऱ्याच्या वडिलोपार्जित शेतीच्या सातबाऱ्यावर वारसनोंदीने सहा जणांबरोबर माझं नाव लागलंय. वाटणी नाही, उत्पन्न शून्य. रिक्रूटर म्हणतो, "लिहून टाक", पण फॉर्म किंमत आणि सहमालकांचे पत्ते, नागरिकत्व मागतो. लपवायचं अजिबात नाही.

ज्यांनी अशी सामाईक जमीन दाखवली आहे त्यांनी सांगावं : किंमत रेडीरेकनरने फक्त आपल्या हिश्श्याची लिहिली की पूर्ण गटाची? आणि हक्कसोडपत्र अर्जाआधी नोंदवलं की तपास अधिकाऱ्याच्या मुलाखतीनंतर?